आतून लागणारी कडी

आमच्या वाड्यावरच्या महिला भजनी मंडळाचे लिहिण्याचे काम माझ्याकडे आहे. मला सूर धरता येत नाही, टाळही बेताबेतानेच वाजवते. पण अक्षर बरे आहे, म्हणून अर्ज, पावत्या, आभाराची पत्रे हे सगळे माझ्या वाट्याला येते. गेल्या वर्षी मंडळाच्या कार्यक्रमासाठी आमच्या भागातल्या एका भवनाचे सभागृह घ्यायचे ठरले आणि मी तो छापील अर्ज भरायला बसले. मुख्य सभागृह हवे की छोटे? किती तासांसाठी? वातानुकूलन पूर्ण वेळ की अर्धा वेळ? ध्वनियंत्रणा भवनाची की तुमची? अनामत रक्कम रोखीने की धनादेशाने? दोन पाने भरून प्रश्न होते. दुसऱ्या पानाच्या तळाला एक लहानशी ओळ होती : 'रंगपट – होय/नाही.'

मावशी शेजारी बसून टाळांच्या दोऱ्या बदलत होती. ती आमच्या मंडळातली सगळ्यात वडील. चष्म्यावरून अर्जाकडे बघत म्हणाली, "ते रंगपटाचे होय म्हणून लिही. आधी ते लिही, बाकीचे मागाहून."

भजनाला कसला आला आहे रंगपट? आम्ही घरूनच साड्या नेसून निघणार, बस करून जाणार, बसून गाणार आणि परत येणार. पण मावशीच्या शब्दापुढे जायची आमच्यात पद्धत नाही. मी 'होय'वर खूण केली. तिच्या हट्टाचे कारण मला कळायला अजून तीन आठवडे जायचे होते.

त्या कारणापर्यंत येण्याआधी थोडे मागे जायला हवे.

आज आपण ज्याला कलाभवन किंवा सांस्कृतिक संकुल म्हणतो, ते माझ्या लहानपणी आमच्या गावात नव्हते असे मी कधी म्हणणार नाही. ते होते, फक्त त्याच्यावर पाटी नव्हती. देवळाचा सभामंडप हे आमचे सभागृह. मंडपाच्या बाजूच्या पायऱ्या आणि कठडे म्हणजे बाल्कनी. तिथली जागा धरायला आम्ही मुले पालखी सुरू असतानाच पंचे अंथरून ठेवत असू. बाहेरगावचा कीर्तनकार, पेटीवाला, तबलजी आला की त्याची पथारी अग्रशाळेत पडायची. देवळाच्या स्वयंपाकघरात रात्री बारालाही चहाचे आधण असायचे. तळीवर हातपाय धुवायची सोय. तालमी मराठी शाळेच्या ओसरीवर नाहीतर कुणा महाजनाच्या पडवीत चालत. दोन-दोन महिने रोज रात्री तालीम चाले आणि त्या पडवीचे भाडे कुणी मागितल्याचे मी ऐकले नाही. घरची माणसे दिवा मालवून झोपी जात आणि बाहेर कुणीतरी 'सौभद्रा'तले नाहीतर 'संशयकल्लोळा'तले संवाद घोकत बसलेला असे.

वेगवेगळ्या कलांना वेगवेगळ्या जागा होत्या. शिगम्याला मांड, धालोंनाही मांड. पौषातल्या त्या चांदण्या रात्री बायका मांडावर समोरासमोर दोन रांगा धरून उभ्या राहत. तिथे पुरुषांचे काही काम नसते. ती जागा त्यांचीच. घरून नेसून आलेली साडी, केसांत माळलेली अबोली, एवढ्यावर धालो रंगतात. म्हणजे गोव्याच्या बाईला नाचाय-गायची जागा नव्हती असे नाही. देवळांच्या आधाराने गाणे जपणाऱ्या कलावंत स्त्रियांची तर केवढी मोठी परंपरा आपल्याकडे आहे. पण उत्सवाच्या नाटकात, फळ्यांच्या रंगमंचावर, चार गावांच्या समोर घरच्या मुलीने उभे राहणे ही वेगळी गोष्ट होती. तिथे बायकांच्या भूमिका एक तर मिसरूड काढलेले मुलगे करत किंवा बाहेरून पैसे देऊन नटी आणली जाई.

१९७४ साली आमच्या गावातल्या तरुणांनी ठरवले की यंदा 'शारदा' करायचे आणि निदान एक तरी बायकी भूमिका गावातल्या मुलीने करायची. शारदेसाठी बाहेरगावची नटी ठरली आणि वल्लरीसाठी माझी मावशी. ती तेव्हा अठरा वर्षांची होती आणि मी सातची. आमच्या आजोबांनी परवानगी दिली ही तेव्हा वाड्यावर चर्चेची गोष्ट झाली. दोन महिने मी मावशीबरोबर तालमीला जात होते, 'सोबत' म्हणून. सात वर्षांच्या पोरीची सोबत ती काय! पण मावशी एकटी नाही एवढे दाखवायला मी पुरेशी होते.

नाटकाच्या रात्री पालखी आत गेली, आरती झाली आणि साडेअकराच्या सुमारास पडदा वर गेला. गावात वीज आली होती, पण भरवसा गॅसबत्त्यांवरच. रंगमंचाच्या मागे माडाच्या झावळ्यांचे झाप उभे करून रंगपट केला होता. एकच जागा, एकच आरसा, एकच बत्ती. तिथे पंधरा-सोळा पुरुष पीतांबर नेसत होते, मिशा चिकटवत होते, सफेता फासत होते, विड्या ओढत होते. बाहेरगावची नटी सरावलेली होती. ती आपल्याबरोबर एक मोठी ट्रंक आणि एक म्हातारी सोबतीण घेऊन आली होती. आल्या आल्या तिने पहिला प्रश्न विचारला तो मानधनाचा नव्हे, 'कपडे बदलायचे कुठे?' हा. तिच्यासाठी देवळाच्या भटांच्या घरातली एक खोली ठरली. मावशीसाठी काही ठरले नाही, कारण ती घरचीच मुलगी. घरच्या मुलीची सोय कुणी बघायची असते, हे कुणाच्या डोक्यातच आले नाही.

अंक संपला आणि मावशीला साडी बदलायची होती. भटांचे घर तळीच्या पलीकडे, जाऊन यायला वेळ पुरणार नाही. मग देवळाच्या मागच्या बाजूला काळोखात दोन काकूंनी चादर धरली. मी बॅटरी घेऊन उभी. "उजेड खाली जमिनीवर धर, वर करू नको," असे मला बजावले होते. मी तसाच धरला होता. एवढ्यात अग्रशाळेच्या बाजूने कुणीतरी शीळ घातली आणि तीन-चार जण हसले. मी दचकले आणि कोण आहे ते पाहायला बॅटरी वर केली.

त्या चादरीच्या आत उजेड पडला तो माझ्या हातातला.

मावशीने साडी कशीबशी गुंडाळली, वर गेली आणि पुढचा अंक केला. एकही वाक्य चुकली नाही. सकाळी लोकांनी तिचे कौतुकही केले. पुढच्या वर्षी मंडळी विचारायला आली तेव्हा ती आतून बाहेर आली नाही. आजीने सांगितले, स्थळे येताहेत, आता नको. दोन वर्षांनी तिचे लग्न झाले. 'लग्नामुळे तिचे नाटक सुटले' हे वाक्य मी आमच्या घरात इतक्यांदा ऐकले की ते मलाही खरे वाटू लागले. बॅटरीची गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती.

मी पणजीला कॉलेजात शिकायला गेले तेव्हा कांपालची कला अकादमी सुरू होऊन फार वर्षे झाली नव्हती. संस्थेची स्थापना १९७० ची. इमारत १९७३ ते १९८३ या दहा वर्षांत उभी राहिली. तिचा आराखडा चार्ल्स कुरैय्या यांचा. देशभर, जगभर नाव झालेला हा वास्तुकार मूळचा गोमंतकीय कुळातला. गावच्या मुलीला पणजीतल्या मोठ्या इमारतींची भीती वाटते. पायऱ्या चढायच्या आधीच कुणीतरी 'कोण पाहिजे?' म्हणून हटकेल असे वाटते. कला अकादमीत तसे काही झाले नाही, कारण आत शिरायला दारच नव्हते. रस्त्यालगत काँक्रीटच्या पट्ट्यांचा एक लांबरुंद मांडव, त्याच्याखाली मोकळी जागा, पायऱ्या, आणि सरळ चालत गेले की पलीकडे मांडवी. रस्त्यावरून नदीपर्यंत जाता येत होते आणि मध्ये कुणी तिकीट विचारत नव्हते. कुणी पायऱ्यांवर बसून तबल्याचे बोल हाताने मांडीवर वाजवत होता, कुणी व्हायोलिनची पेटी बाजूला ठेवून वडे खात होता, कुणी नुसताच बसला होता. मला आमच्या देवळाच्या प्राकाराची आठवण झाली.

या वास्तूत काय काय होते ते गोव्यातल्या वाचकांना सांगायला नको. मास्टर दीनानाथ मंगेशकर यांच्या नावाचे मुख्य सभागृह, खुले नाट्यगृह, प्रायोगिक नाटकांसाठी ब्लॅक बॉक्स, संगीत-नृत्य-नाट्य शिकवणाऱ्या शाळांचे वर्ग, प्रदर्शनाची जागा, कँटीन, तालमीच्या खोल्या. सभागृहाच्या बाजूच्या भिंतींवर मारियो मिरांडा यांची चित्रे : जुन्या नाट्यगृहातले सज्जे आणि त्यांत दाटीवाटीने बसलेले गोंयकार प्रेक्षक. नाटकाला वीस माणसे आली तरी भिंतीवरचे प्रेक्षक हजर! स्पर्धेच्या नाटकांतल्या आम्हा होतकरू मंडळींना त्यांचा मोठाच आधार वाटे. ज्या मंगेशीच्या सुपुत्राने पुरुष असून स्त्रीभूमिका गाजवल्या, त्याच्याच नावाच्या रंगमंचावर आता मुली मुलींच्या भूमिका करत होत्या, हेही मला मागाहून सुचलेले.

१९८६ साली एका संस्थेच्या नाटकात मी लहानशी भूमिका केली. मोलकरणीची; चार वाक्ये आणि एक चहाचा ट्रे. मागे रंगपटाची खोली होती. बायकांची वेगळी. आत आरसे, खुर्च्या, कपडे टांगायला खुंट्या. आम्ही सहा जणी आत गेलो, शेवटचीने दार लावले आणि कडी घातली. त्या कडीचा आवाज मला तेव्हा ऐकू आला असेल, पण त्याचा मी काहीच विचार केला नाही. सोय असली की तिचा विचार कुणी करत नाही. ती नसते तेव्हाच ती दिसते.

पुढे हे भाग्य तालुक्यांच्या वाट्याला आले. १९६१ साली रवींद्रनाथ ठाकुरांची जन्मशताब्दी झाली आणि त्या निमित्ताने देशभर त्यांच्या नावाची नाट्यगृहे उभी राहू लागली. आपल्याकडे रवींद्र भवने यायला पुढे बराच काळ जावा लागला, पण आली ती चांगली आली. मडगाव, साखळी, कुडचडे, बायणा. फोंड्याला राजीव गांधी कला मंदिर. मडगावच्या भवनातल्या मोठ्या सभागृहाला 'पै तियात्रिस्त' हे नाव दिले आहे, ते जुवांव आगुश्तीन फेर्नांडिस यांच्या स्मरणार्थ. तियात्राला आपले हक्काचे छप्पर मिळाले, नाटकाला मिळाले, शाळांच्या स्नेहसंमेलनांना मिळाले. पूर्वी पणजीला जायचे म्हणजे रात्री परतायची बस मिळेल की नाही या चिंतेने शेवटचा अंक सोडून उठावे लागे. ते दिवस गेले. या भवनांना नावे ठेवणाऱ्यांतली मी नाही.

पण इतकी वर्षे कधी प्रेक्षक म्हणून, कधी मंडळाचे अर्ज घेऊन या वास्तूंत वावरताना एक गोष्ट ध्यानात आली आहे. उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांना दाखवले जाते ते सभागृह : किती खुर्च्या, कसला पडदा, किती टनांचे वातानुकूलन. पण सभागृह ही प्रयोगाची शेवटच्या तीन तासांची जागा आहे. त्याआधीचे दोन महिने ज्या जागेत जातात तिचे काय? आणि त्या तीन तासांतही निम्मी माणसे ज्या जागेत असतात, त्या पडद्यामागच्या जागेचे काय?

प्रत्येक कलेची गरज निराळी. दशावताराला नेपथ्य लागत नाही. एक बाक मांडला की राजदरबार झाला. पण पेडण्याकडच्या दशावतारी कलाकाराला रंगपट मोठा लागतो, कारण तो आपला रंग आपणच लावतो, आपली वस्त्रे आपणच नेसतो, पेटाऱ्यातले मुकुट-भूषणे काढून मांडतो आणि तासन्‌तास आरशासमोर बसून हळूहळू राजा होतो. त्याचे अर्धे नाटक रंगपटातच होते. तियात्रात प्रवेशांच्या मध्ये कांतारां होतात, त्यामुळे वाजपी मंडळींना रंगमंच दिसेल आणि गाणाऱ्याला ते दिसतील अशी बसायची जागा हवी. नाटकाला मागच्या बाजूला ट्रक थेट टेकेल असे रुंद दार हवे. नाहीतर भिंती, पलंग, जिना हे सगळे प्रेक्षकांच्या दारातून खुर्च्यांवरून उचलून न्यावे लागते. ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. भजनाला यातले काही नको. भजनाला हवी ती एक बंद खोली, जिथे पखवाजाला कणीक लावता येईल, पेटीशी सूर जुळवता येईल आणि तो आवाज आत गाणाऱ्या मंडळाच्या कानात जाणार नाही.

त्यात आपला पाऊस. जूनपासून चार महिने गोव्यात ज्या सभागृहाला वर नुसते पत्रे आहेत, तिथे नाटक करणे म्हणजे पावसाशी भांडणे. किती पंचायतींनी हौसेने बांधलेली सभागृहे आषाढ-श्रावणात मुकी होतात! आणि त्याच पावसात कोठीची खोली नसली तर नेपथ्याचे कापड, शेले, पगड्या यांच्यावर बुरशी धरते. एका मंडळाचे जुने रंगवलेले पडदे मी असे गेलेले पाहिले. एके काळी ते देवळाच्या माडीवर गुंडाळून, धूर-धुरीच्या हवेत पिढीभर टिकले होते. नव्या जागेत ते जिन्याखाली ठेवले गेले आणि एका पावसाळ्यात कुजले. पडदे ठेवायलाही जागा लागते, हे नकाशा काढणाऱ्याला कुणी सांगितले नसावे.

वास्तूही माणसासारखी आजारी पडते. दुरुस्तीसाठी बंद असलेल्या कला अकादमीच्या खुल्या रंगमंचावरचे छत २०२३ च्या जुलैत कोसळले. त्या वेळी तिथे कुणी नव्हते, हे आपले दैव. नोव्हेंबर २०२३ मध्ये वास्तू पुन्हा खुली झाली. पुढे जे वाद झाले ते सर्वांना ठाऊक आहेत, त्यात मी शिरत नाही. मला आठवतो तो त्या बंद काळातला एक दिवस. मी कांपालच्या रस्त्याने चालले होते आणि सवयीने पाय आत वळले, तर पुढे अडसर. सभागृह बंद आहे याचे मला वाईट वाटले नव्हते. ते दुरुस्त व्हायलाच हवे होते. पण त्या मांडवाखालून नदीपर्यंत जाता येत नाही, याने मात्र घशात काहीतरी अडकले. त्या वाटेचे भाडे कुणाच्या वहीत लिहिलेले नव्हते. अर्जात तिचा रकाना नव्हता. तरी त्या वास्तूतली सगळ्यांत जास्त वापरली जाणारी खोली तीच असावी.

असो. आता आमच्या कार्यक्रमाच्या दिवसाकडे येते.

आम्ही अठरा जणी बसने गेलो. सोबत पेटी, पखवाज, टाळांची पिशवी, पाण्याचे थर्मास, मावशीच्या गुडघ्याचे तेल. भवन देखणे होते. बाहेर हिरवळ, आत गार हवा, खुर्च्या मऊ. पखवाज लावायला तालमीची खोली पाहिजे म्हणून विचारले तर शिपाई म्हणाला, "बाय, ती कूड बंद आसा. चावी सायबाकडेन आसा." साहेब सुट्टीवर. काचेतून डोकावले तर आत मोडक्या खुर्च्या आणि कुठल्याशा समारंभाची कमान रचून ठेवलेली. तालमीच्या खोलीची कोठी झाली होती. आणि कोठीच नसल्यामुळे ती तशी होणारच होती. त्यात शिपायाचा तरी काय दोष?

मग रंगपटात गेलो. खोली स्वच्छ, आरसा मोठा, दिवेही लागत होते. कपडे बदलायचे नव्हते, पण बसप्रवासात चुरगळलेल्या साड्या पुन्हा नीट नेसायच्या होत्या, कुणाला औषध लावायचे होते. दार लोटले तर ते परत उघडले. कडी नव्हती. चार भोके तेवढी होती, स्क्रू कधीचे गळून गेलेले. बाहेरच्या बोळातून पुढच्या कार्यक्रमाची मुले ये-जा करत होती. आमच्यातली एक जण दाराला पाठ लावून उभी राहिली आणि हसत म्हणाली, "आटपा गे बायांनो, मी आहे तोवर कुणी येत नाही."

सगळ्या हसल्या. मावशी हसली नाही. ती खुर्चीवर बसून त्या चार भोकांकडे पाहत होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. उगाच काहीतरी बोलायचे म्हणून म्हटले, "मावशी, तुझे लग्न झाले नसते तर तू कला अकादमी गाजवली असतीस."

ती म्हणाली, "लग्न-बिग्न कांय ना गे. दारच नाशिल्लें, कडी खंयची?"

पन्नास वर्षे झाली होती. मी तिला बॅटरीबद्दल सांगितले. उजेड मी वर केला होता, मुद्दाम नाही, पण मीच. एवढे बोलायला मला अठ्ठावन्न वर्षांची व्हावे लागले. मावशीने माझ्या हातावर हात ठेवला. "तूं ल्हान आशिल्लें," म्हणाली. मग थोडे थांबून मराठीत, जशी ती परक्यांशी बोलते तशी : "तू उजेड धरला नसतास तर दुसऱ्या कुणी धरला असता. ती जागाच तशी होती."

आणि पाच मिनिटांत आम्हाला बोलावणे आले. मावशीने पहिला अभंग उचलला. आवाज किंचित चिरका झाला आहे, पण सूर हलला नाही.

दुसऱ्या दिवशी मी भवनाला पत्र लिहिले. आभाराचे पत्र लिहायचे होतेच, त्यात खाली एक परिच्छेद वाढवला. तालमीच्या खोलीबद्दल लिहिले आणि कडीबद्दल लिहिले. पंधरा दिवस उत्तर आले नाही. मग आमच्या मंडळातल्या एकीचा मुलगा, जो सुतारकाम करतो, तो कामानिमित्त तिकडे जायचा होता. त्याच्याकडे एक पितळी कडी आणि सहा स्क्रू दिले. त्याने शिपायाला सांगून ती बसवली. शिपायाने चहा पाजला म्हणे. "बरे झाले, आमच्याकडे कागद अजून वरच फिरतोय," असेही तो म्हणाला.

मावशीला मी विचारले, की त्या रात्री कडी असलेली एक खोली असती तर तू खरेच पुढे नाटक केले असतेस? तिने लगेच हो म्हटले नाही. म्हणाली, आजोबांचा राग होता, लोकांचे बोलणे होते, सासरचेही काही म्हणालेच असते. त्या सगळ्याशी भांडता आले असते की नाही, कुणास ठाऊक. "पण भांडायचे तरी ठरवले असते," ती म्हणाली. मला हे प्रामाणिक वाटले. एका कडीने समाज बदलत नाही. पण समाजाशी झुंजायला निघालेल्या मुलीला आधी साडी नीट नेसता आली पाहिजे. आणि लोकांची मने बदलायला पिढ्या लागतात, दाराला कडी लावायला मात्र अर्धा तास पुरतो. जे अर्ध्या तासाचे काम आहे ते तरी आपण पिढ्यांवर का सोडावे?

म्हणून वाचकांना एवढेच सुचवते. तुमच्या तालुक्यातल्या भवनात पुढच्या वेळी नाटकाला, तियात्राला, गाण्याला जाल तेव्हा दहा मिनिटे आधी जा. खुर्च्या आणि पडदा बघाच, पण जमल्यास मागेही एक चक्कर मारा. तालमीची खोली उघडी आहे का? बायकांच्या रंगपटाला आतून कडी आहे का? स्वच्छतागृहात पाणी आहे का? ट्रक मागे लागतो का? पडदे ठेवायला कोरडी जागा आहे का? आणि ज्याच्याजवळ तिकिटाचे पैसे नाहीत, नुसते बसावेसे वाटते, अशा मुलाला बसायला एखादी पायरी आहे का? काही कमी दिसले तर पत्र लिहा. उत्तर नाही आले तर सुतार शोधा.

गेल्या महिन्यात मंडळ पुन्हा त्याच भवनात गेले. मावशीचे गुडघे आता फार दुखतात, तरी ती आली. रंगपटात सगळ्या आत गेल्यावर तिने स्वतः उठून दार लावले, कडी घातली आणि हाताने एकदा ओढून पाहिली. मग आरशासमोर बसून सावकाश, कसलीही घाई न करता, तिने साडीच्या निऱ्या पुन्हा सारख्या केल्या. बाहेर आमच्या नावाचा पुकारा झाला होता. कुणीच तिला 'आटप' म्हटले नाही.